एन्कोडर बरोबर, तरी जॉब चुकतो: घरगुती सीएनसीवरच्या सर्व्होचं दुखणं कुठे शोधायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. लाकूड आणि अ‍ॅल्युमिनियमसाठी घरी बांधलेला सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने कोरणारं मशीन, तिन्ही अक्षांवर १६०५ बॉलस्क्रू, म्हणजे १६ मिमी व्यास आणि ५ मिमी लीड (एका फेरीत टेबल सरकतं ते अंतर). साध्या स्टेपर मोटरी (ठरलेल्या पावलांनी फिरणाऱ्या, जागा न तपासणाऱ्या) काढून ४०० वॅटच्या एसी सर्व्हो (स्वतःची जागा तपासत फिरणाऱ्या मोटरी) बसवल्या, त्यांचे एन्कोडर, म्हणजे शाफ्ट किती फिरला ते मोजणारे सेन्सर, १७ बिटचे. कंट्रोलर जुनाच: आर्डुइनो उनो या छोट्या बोर्डवरचा जीआरबीएल, म्हणजे मोटरींना हुकूम सोडणारा प्रोग्राम. तक्रारी तीन. तासाभराच्या कोरीव कामानंतर एक्सचा शून्य अर्धा मिलिमीटर सरकलेला सापडतो. २० मिमीचं वर्तुळ तिरकं लांबट येतं. आणि मशीन उभं असताना मोटर गुणगुणत राहते.

१७ बिटचा एन्कोडर एका फेरीचे १,३१,०७२ भाग करतो. ५ मिमी लीडवर एक भाग ०.०४ मायक्रॉनपेक्षाही लहान पडतो. मग अर्धा मिलिमीटर जातो कुठे, हा प्रश्न रास्तच आहे. उत्तर एन्कोडरच्या जागेत आहे. तो मोटरच्या मागच्या टोकाला बसतो आणि फक्त मोटरचा शाफ्ट मोजतो. पुढे कपलिंग घसरलं, नटमध्ये खेळ असला, स्क्रूची लीडच चुकीची असली, तरी त्याला त्यातलं काही दिसत नाही. उलट दिशेला, कंट्रोलरने किती पल्स (एकेक पाऊल सरकण्याचे विजेचे ठोके) पाठवल्या होत्या हेही त्याला ठाऊक नसतं. पल्स आणि दिशा या दोन सिग्नलवर चालणाऱ्या मशीनमध्ये लूप (हुकूम, मोजणी आणि दुरुस्तीचं चक्र) ड्राइव्ह, म्हणजे मोटरला वीज देणारा डबा, आणि मोटर यांच्यातच बंद होतो. जीआरबीएल एन्कोडर वाचतच नाही. माक-३ हा संगणकावरचा सीएनसी प्रोग्रामसुद्धा एन्कोडर पाहून जागा दुरुस्त करत नाही.

म्हणून काहीही ट्यून करण्याआधी चार आकडे शेजारी शेजारी लिहा: कंट्रोलरच्या पडद्यावरची जागा, ड्राइव्हला मिळालेल्या पल्स, एन्कोडरने मोजलेली जागा, आणि टेबलाला लावलेल्या डायलचं वाचन. मधले दोन आकडे एसी सर्व्हो ड्राइव्हच्या मॉनिटर मेनूत असतात. पहिल्या दोहोंत फरक असेल तर दोष वायरिंग, वेळ किंवा नॉइजचा. दुसऱ्या-तिसऱ्यात असेल तर टॉर्क कमी पडतोय किंवा ट्यूनिंग ढिलं आहे. पहिले तिन्ही जुळले आणि डायलच बोंब मारत असेल, तर पान्हा आणि अ‍ॅलन की हातात घ्या, पॅरामीटरला हात लावू नका. बहुतेक लोक थेट गेन (चूक दुरुस्त करण्याचा जोर) वाढवत बसतात आणि दोष मात्र यातल्या दुसऱ्याच जोडीत असतो.

चाचणी अशी करा. ०.०१ मिमीचा डायल चुंबकी स्टँडवर एक्सच्या टोकाला लावा, काटा शून्यावर आणा. एक्स १० मिमी मागे आणि परत पुढे, असा २०० वेळा चालवणारा छोटा प्रोग्राम लिहा, नेहमीच्या फीडवर, म्हणजे टेबल सरकण्याच्या वेगावर. स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर) बंद ठेवून एकदा चालवा, मग स्पिंडल सुरू करून हवेतच पुन्हा.

स्पिंडल बंद असतानाच काटा एकाच बाजूला सरकत गेला, आणि ड्राइव्हचा मिळालेल्या पल्सचा आकडाही शून्यावर परतला नाही, तर पहिला संशय दिशेच्या सिग्नलवर घ्या. दिशा बदलल्यावर ड्राइव्हला थोडा अवकाश हवा असतो, साधारण ५ मायक्रोसेकंद. नेमका आकडा ड्राइव्हच्या पुस्तिकेत पाहा. जीआरबीएल दिशा बदलतो आणि लगेच पहिली पल्स सोडतो. ऑप्टोकपलर (सिग्नल प्रकाशातून पलीकडे नेणारा सुटा भाग) सुरू व्हायला आणि बंद व्हायला वेगवेगळा वेळ घेतो, म्हणून एका दिशेला जाताना सगळं जमतं आणि उलट दिशेची पहिली पल्स जुन्याच दिशेत मोजली जाते. एक उणे व्हायची ती एक अधिक झाली, म्हणजे चूक दोन पल्सची. ४०० पल्स प्रति मिमी असतील तर ती ५ मायक्रॉन. एकदा घडली तर कळणारही नाही. दोनशे फेऱ्यांत प्रत्येक वेळी घडली तर डायलवर सरळ १ मिमी दिसतो. कोरीव कामात दिशा हजारो वेळा बदलते, आणि त्यातली शंभर वेळा जरी हे झालं तरी तुमचा अर्धा मिलिमीटर भरला. उपाय एका ओळीचा आहे: जीआरबीएलच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘स्टेप पल्स डिले’ नावाची ओळ मुळात बंद असते, ती उघडून १० मायक्रोसेकंद द्या आणि फर्मवेअर पुन्हा चढवा. सोबत ब्रेकआउट बोर्डवर (कंट्रोलरच्या तारा जोडायच्या पट्टीवर) पल्ससाठी कोणता ऑप्टोकपलर आहे तेही पाहा. पीसी८१७ लिमिट स्विचसाठी ठीक आहे. वेगवान पल्ससाठी ६एन१३७ सारखा जलद हवा.

स्पिंडल सुरू केल्यावरच आकडे बिघडत असतील तर नॉइज आहे, आणि या आकाराच्या राउटरवर त्याचा उगम जवळजवळ नेहमी स्पिंडलच्या व्हीएफडीत, म्हणजे त्याचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हमध्ये, असतो. स्पिंडलची केबल शील्डची चार कोरची घ्या. चौथी तार स्पिंडलच्या बॉडीला अर्थ करा आणि शील्ड व्हीएफडीच्या अर्थ टर्मिनलला रुंद पट्टीने पकडा. पिळून केलेली बारीक शेपटी इथे पुरत नाही. एन्कोडर आणि पल्सच्या केबल तिच्यापासून निदान १०० ते १५० मिमी दूर न्या. ओलांडणं अटळ असेल तर काटकोनात ओलांडा. एकाच ड्रॅग चेनमध्ये सगळं कोंबलेलं असेल तर आत दुभाजक टाका. पल्सच्या तारा पिळाच्या जोडीत असाव्यात: पल्स अधिक आणि पल्स उणे एका जोडीत, दिशेची जोडी वेगळी.

इथे एन्कोडरच्या जातीचा फरक लक्षात घ्या. १७ बिटचे सिरियल एन्कोडर जागेचा आकडा तपासणी कोडसह पाठवतात; नॉइज आला तर ड्राइव्ह संपर्काचा अलार्म देऊन थांबतो, गुपचूप सरकत नाही. जुन्या डीसी सर्व्होवरचे आणि क्लोज्ड लूप स्टेपरवरचे ए-बी-झेड एन्कोडर मात्र नुसते चौकोनी तरंग पाठवतात. १००० रेषांच्या चकतीचे ए आणि बी मिळून फेरीला ४००० काउंट होतात, आणि एखादा खोटा काउंट शिरला तर तो कायमचा शिरतो. ते तपासायला झेड पल्स (फेरीत एकदाच येणारी खूण) वापरा: एका झेडपासून पुढच्या झेडपर्यंत बरोबर ४००० काउंट यायलाच हवेत. ३९९९ किंवा ४००३ आले तर केबल, शील्ड किंवा पुरवठा पाहा. ५ व्होल्टचा पुरवठा मीटरने एन्कोडरच्या टोकाला मोजा, ड्राइव्हच्या टोकाला नव्हे. ०.१४ चौरस मिमीच्या तारेची ५ मीटर केबल जाण्यायेण्याचा मिळून सव्वा ओहम रोध धरते. एन्कोडर १५० मिलिअँपिअर घेत असेल तर जवळपास ०.२ व्होल्ट वाटेतच जातात. ४.७५ च्या खाली गेलात तर पुरवठ्यासाठी दोन तारा समांतर जोडा. एन्कोडर नवा घेत असाल तर प्रत्येक चॅनेलला अधिक-उणे अशी जोडी देणाराच घ्या आणि रिसीव्हरच्या टोकाला १२० ओहमचा रोध लावा. एकेरी तारेचा एन्कोडर टेबलावर झकास चालतो आणि व्हीएफडीच्या शेजारी दगा देतो.

आता लांबट वर्तुळ. हा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण इथे कुठलाही सुटा भाग बिघडलेला नसतो.

सर्व्होत तीन लूप एकात एक असतात: सर्वांत आत करंटचा, त्याबाहेर वेगाचा, सर्वांत बाहेर जागेचा. जागेचा लूप फरक पाहूनच वेग मागतो, म्हणून चालत्या मशीनवर टेबल हुकमाच्या थोडं मागे राहतं. किती मागे? वेग भागिले जागेचा गेन. गेन ४० प्रति सेकंद आणि फीड ६००० मिमी प्रति मिनिट, म्हणजे सेकंदाला १०० मिमी असेल, तर टेबल अडीच मिलिमीटर मागे असतं. ऐकून धक्का बसतो, पण सरळ रेषेत दोन्ही अक्ष सारखेच मागे राहिले तर रेषा रेषेवरच राहते. गडबड होते ती दोघांचे गेन वेगळे असतात तेव्हा. ड्राइव्हच्या ऑटोट्यूनने हलक्या एक्सला ४० दिला आणि जड वायला ३०, असं सहज घडतं. १० मिमी त्रिज्येचं वर्तुळ ३००० च्या फीडवर कापताना एक्स सुमारे ७ अंश मागे असतो आणि वाय साडेनऊ. त्या सव्वादोन-अडीच अंशांनी वर्तुळाचं लंबवर्तुळ होतं, ४५ अंशात तिरकं: एका कर्णावर २०.२, दुसऱ्यावर १९.४, फरक ०.८ मिमी. दोन्ही गेन सारखे केले की लांबटपणा जातो, पण वर्तुळ थोडं लहान येतं, गेन ४० असेल तर व्यासात साधारण ०.१५ मिमी. तेही घालवायचं तर वेगाचा फीडफॉरवर्ड (फरक पडायची वाट न पाहता हुकमातला वेग थेट पुढे देणं) चढवा. ९० टक्क्यांवर मागे राहणं एक दशांश होतं.

मात्र गेनला हात लावण्याआधी गँट्री (स्पिंडल वाहणारा आडवा पूल) काटकोनात आहे ना ते पाहा, कारण बेकाटकोन गँट्रीही वर्तुळ ४५ अंशातच लांबट करते. दोन्हींतला भेद ओळखायची खात्रीची पद्धत म्हणजे तेच वर्तुळ जी२ ने (घड्याळाच्या दिशेने) आणि मग जी३ ने (उलट दिशेने) कापणं. लांबटपणाने बाजू बदलली तर दोष सर्व्होचा, तिथेच राहिला तर गँट्रीचा. दुसरी खूण फीडची: ३०० वर कापलं तर सर्व्होमुळे आलेला फरक ०.८ वरून ०.०८ वर येतो, गँट्रीमुळे आलेला जसाच्या तसा राहतो. आणि नटमधला खेळ असेल तर वर्तुळ लांबट होत नाही. अक्ष जिथे दिशा बदलतो त्या चार ठिकाणी छोटी पायरी किंवा सपाट भाग दिसतो. बोटाच्या नखाने ती लागते.

गुणगुणण्यासाठी कान आणि तळहात वापरा. मोटरच्या बाजूच्या बेअरिंग ब्लॉकवर हात ठेवा. बारीक, तीव्र, सतत आवाज असेल तर वेगाच्या लूपचा गेन जास्त आहे किंवा कपलिंग थरथरतंय. सेकंदाला दोन-चार वेळा शाफ्ट सावकाश पुढेमागे डुलत असेल तर तो इंटिग्रलचा, म्हणजे चूक साठवत जोर वाढवणाऱ्या भागाचा, परिणाम: घर्षणामुळे टेबल चिकटून बसतं, इंटिग्रल जोर साठवतो, टेबल सुटतं आणि पलीकडे जातं, मग तेच उलट दिशेने. पहिल्यावर गेन कमी करा. दुसऱ्यावर इंटिग्रलचा काळ वाढवा. आधी रेल आणि नटला तेल-ग्रीस आहे का ते बघा.

कपलिंगबद्दल मात्र ठाम सांगतो. अ‍ॅल्युमिनियमच्या नळीला गोल चिरा पाडलेलं, स्प्रिंगसारखं स्वस्त कपलिंग स्टेपरवर चालून जातं, सर्व्होवर नको. ते पिळात लवचीक असतं आणि वेगाच्या लूपचा गेन चढू देत नाही. पत्र्याच्या पातळ चकत्यांचं डिस्क कपलिंग किंवा घट्ट बसणाऱ्या रबरी चांदणीचं जॉ कपलिंग लावा, दोन्ही टोकांना क्लॅम्पचं. ग्रब स्क्रू गोल शाफ्टवर कधीतरी घसरतोच. मार्करने मोटरच्या शाफ्टपासून कपलिंगवरून स्क्रूपर्यंत एक सरळ रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की सरकलेल्या शून्याचं कारण मिळालं.

ट्यूनिंगचा क्रम आतून बाहेर. करंटचा लूप कारखान्यात मोटरनुसार लागलेला असतो, त्याला हात नको. आधी ड्राइव्हला लोडच्या जडत्वाचं गुणोत्तर द्या. ३० किलोची गँट्री ५ मिमी लीडवर मोटरला फक्त ०.१९ × १०⁻⁴ किलो-चौरस मीटर वाटते. ८०० मिमी लांबीचा १६ मिमीचा स्क्रू स्वतःच ०.४ × १०⁻⁴ च्या आसपास असतो. म्हणजे मोटर गँट्रीपेक्षा स्क्रूच जास्त फिरवते! ४०० वॅटच्या रोटरचं जडत्व ०.३ × १०⁻⁴ च्या आसपास धरलं तर गुणोत्तर दोन येतं, उत्तम. हीच गँट्री २० मिमी पिच व्यासाच्या पिनियनने रॅकवर थेट ओढली तर गुणोत्तर शंभरापर्यंत जातं आणि कुठलंही ट्यूनिंग तिला शांत करत नाही. तिथे १:५ चा गिअर किंवा बेल्ट लावा. जडत्व पंचवीस पटींनी उतरतं.

मग वेगाचा गेन थोडा थोडा चढवा, बेअरिंग ब्लॉक गुणगुणू लागेपर्यंत, आणि तिथून साधारण ३० टक्के खाली या. इंटिग्रल, त्यानंतर जागेचा गेन. शेवटी फीडफॉरवर्ड. सगळ्या अक्षांना सर्वांत मंद अक्षाचा जागेचा गेन द्या. वेगाचा गेन प्रत्येकाचा वेगळा चालतो.

तुमच्या रचनेत आणखी एक अडचण आहे, ती उनोची. तो सेकंदाला सुमारे ३०,००० पल्सच पाठवू शकतो. ड्राइव्हचा इलेक्ट्रॉनिक गिअर (किती पल्सला मोटरची एक फेरी ते ठरवणारं गुणोत्तर) फेरीला १०,००० पल्सवर ठेवलात तर मोटर १८० आरपीएमवर अडकेल, म्हणजे मिनिटाला ९०० मिमी, आणि ३००० आरपीएमच्या मोटरचे पैसे वाया गेले. गिअर १६३८४/१२५ ठेवा. फेरीला १००० पल्स होतात, मिमीला २००, एक पल्स ५ मायक्रॉन, आणि ९००० मिमी प्रति मिनिट मिळतात. वर ४०० पल्स प्रति मिमीचा हिशेब दिला तो ८१९२/१२५ चा. तिथे मर्यादा ४५०० वर येते. ५ मायक्रॉन जाड वाटत असतील तर सी७ प्रतीच्या बॉलस्क्रूची लीड दर ३०० मिमीला ५० मायक्रॉनपर्यंत चुकू शकते, हे ध्यानात असू द्या. दोन्ही हवंच असेल तर कंट्रोलर बदला. लिनक्ससीएनसी (संगणकावर चालणारं कंट्रोलरचं सॉफ्टवेअर) आणि मेसाचं कार्ड घेतलंत तर एन्कोडर थेट संगणकात वाचता येतो आणि फरक ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की सगळे अक्ष थांबतात. तिथे झेड पल्सवर होमिंगही (मशीनचा शून्य शोधणं) करता येतं. फक्त होम स्विच झेड पल्सपासून अर्ध्या फेरीच्या अंतरावर ठेवा. स्विच झेडच्या अगदी जवळ आला तर कधी ही फेरी, कधी पुढची धरली जाते आणि होम एकदम ५ मिमी हलतं.

कंट्रोलर जुनाच ठेवणार असाल तर अलार्मची तार हा ऐच्छिक भाग समजू नका. ती नसेल तर एक्स अडकून ड्राइव्हने हात वर केले तरी जीआरबीएल वाय आणि झेड चालवत राहतो. सगळ्या ड्राइव्हचे अलार्म आउटपुट ‘ठीक असताना चालू’ असे लावा, एका साखळीत २४ व्होल्टच्या छोट्या रिलेपर्यंत न्या, कॉइलवर उलटा डायोड टाका आणि रिलेचा संपर्क जीआरबीएलच्या रिसेट इनपुटला द्या. तार तुटली तरी मशीन थांबेल. गँट्रीला दोन बाजूंनी दोन मोटरी असतील तर ही साखळी आणखी गरजेची, कारण एकच बाजू चालत राहिली तर गँट्री मुरगळते. झेडला ब्रेकची मोटर घ्या. बॉलस्क्रू सहज उलटा फिरतो आणि ड्राइव्ह बंद होताच स्पिंडल जॉबवर येऊन बसतो. तो ब्रेक उभं धरण्यासाठी आहे, पळता अक्ष थांबवण्यासाठी नाही. आणि ड्राइव्हचं झाकण उघडण्याआधी चार्ज दिवा विझू द्या. २३० व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये कपॅसिटरवर ३०० व्होल्टहून जास्त डीसी काही मिनिटं टिकून असतो.

४०० वॅटची मोटर १.२७ न्यूटन-मीटरवर ५ मिमीच्या स्क्रूने सुमारे १४०० न्यूटन ढकलते, जवळपास १४५ किलोचा भार, आणि क्षणभरासाठी त्याच्या तिप्पट. स्टेपर अशा वेळी खडखडून थांबायची. ही थांबत नाही, जे आडवं येईल ते चिरडते. म्हणून ट्यूनिंग संपेपर्यंत टॉर्कची मर्यादा २० टक्क्यांवर ठेवा आणि जागेच्या फरकाची मर्यादा ५ मिमी, म्हणजे एका फेरीवर. फीडफॉरवर्ड लागल्यावर ती १ मिमीवर आणा. मग टेबलाच्या वाटेत सागाचा ठोकळा घट्ट बांधा, हात दूर ठेवा, आणि ५०० च्या फीडवर एक्स त्यावर चालवा, वाय त्याच वेळी मोकळा फिरत असू द्या. एक्सच्या ड्राइव्हवर अलार्म उजळल्याबरोबर वाय जागीच थांबला पाहिजे. तो पुढे चालत राहिला तर साखळीतली कुठली तरी तार अजून जोडायची राहिली आहे.